सोमवारी गप्प बसणारा पतंग

१

पतंग मेला होता. साधासुधा मेला नव्हता, वाळून खडंग झाला होता. त्याची मिशी चिमट्यात जरा जोरात धरली असती तर काडीसारखी मोडली असती. आणि तरीही त्याला वास येत होता.

निदान डॉ. विनीता पांढरीपांडे यांचं यंत्र तसं म्हणत होतं. घाटेअळीचा पतंग हरभऱ्याच्या नेमक्या कुठल्या वासावर भुलतो, हे शोधण्यात विनीताची उमर चालली होती. पद्धत अशी : पतंगाची एक मिशी दोन बारीक तारांच्या मध्ये बसवायची आणि तिच्यावर वासाची फुंकर सोडायची. मिशीला वास आवडला तर तिच्यातून वीज निघते. वीज म्हणजे किती? मुंगीने सुस्कारा टाकल्यावर जेवढं वारं सुटेल तेवढी. यंत्र ती पकडून शंभरपटींच्या वर फुगवतं आणि पडद्यावर एक उंचवटा उमटतो. मिशी मेलेली असेल तर पडद्यावर सरळ रेघ. स्मशानासारखी सपाट.

त्या दिवशी मेलेल्या मिशीने पडद्यावर सातपुडा उभा केला.

विनीताने अधारतालला राहणाऱ्या बापू खिरवडकरांना फोन लावला. "बापूकाका, मेलेला पतंग बोलून राहिला आहे."

"मग ऐकून घे त्याचं," बापू म्हणाले. "जिवंतांचं ऐकून मी थकलो."

बापू रेल्वेच्या सिग्नल-टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. तारेतली खरखर हा त्यांचा जन्मभराचा धंदा. सांगणारे सांगतात की एकदा लाइनवरचा आवाज ऐकून त्यांनी बसल्या जागी निदान केलं होतं, अमुक खांबावर माकड बसलंय आणि ते डावखुरं आहे. माकडाचं खरं निघालं. डावखुरेपणाबद्दल अजून मतभेद आहेत. पण आता गुडघे गेले होते, बायको गेली होती, आणि मे महिन्यातल्या दुपारी बापूंना जगातल्या कुठल्याच आवाजाशी काही घेणंदेणं नव्हतं. फक्त झोप हवी होती.

"काका, गुरुवारी दिल्लीचे तज्ज्ञ येऊन राहिलेत," विनीताचा आवाज चिरका झाला. "ते पहिल्यांदा मेलेलीच मिशी लावायला सांगतात. तिथे हे असं दिसलं ना, तर माझे मागच्या वर्षीचे आकडेसुद्धा खोटे ठरतील. डायरेक्टर साहेब तर आत्ताच म्हणाले, 'मैडम, मुर्दे ने जवाब दिया तो ज़िंदों का क्या भरोसा?' प्रकल्प जाईल. माझ्या हाताखालच्या सुमेधची फेलोशिप जाईल. आणि माझं नाव... आणि मला माहीत आहे हे कोण करतंय."

"कोण?"

"या तर खरं. सांगते."

विनीता म्हणजे जुन्या मित्राची पोर. बापूंनी उसासा टाकून चपला शोधल्या.

२

बापू विनीताच्या संशोधन संस्थेत पोचले तो दिवस सोमवार होता. खांद्यावरच्या पिशवीत एक जुना खिशातला ट्रान्झिस्टर, एक पकड, आणि होल्डरला दोन तारा जोडलेला साठ वॉटचा बल्ब. एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

विनीताने त्यांच्यासमोर मेलेली मिशी लावली. फुंकर मारली. पडद्यावर रेघ आली.

सरळ. सपाट.

"हेच!" विनीताने कपाळावर हात मारला. "सोमवारी हा असाच गप्प बसतो! मंगळवारी दुपारनंतर कुरकुर सुरू, बुधवारी तर विचारूच नका."

"म्हणजे डॉक्टरच्या दारात ताप उतरला," बापू खुर्चीत टेकत म्हणाले. खोली थंडगार होती. भिंतीवर नवा कोरा एसी गुरगुरत होता. "हा कधी बसवला?"

"होळीनंतर. दोन वर्षं भांडले तेव्हा मिळाला. पूर्वी त्या खिडकीत एक खडखड्या कूलर होता. सगळं काम त्याच्या दमटपणात."

"आणि खरखर?"

"होळीनंतरच." विनीताने मान हलवली. "पण एसी नाही, काका. बंद करून पाहिलाय. तरी खरखर राहतेच."

आल्यासारखं बापूंनी एक काम केलं. यंत्राभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा होता, बाहेरची वीज आत शिरू नये म्हणून. त्या पिंजऱ्यापासून एक जाड हिरवी तार भिंतीतून बाहेर जात होती आणि इमारतीच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्यात उतरत होती. पिंजऱ्याने पकडलेली सगळी घाण त्या तारेने जमिनीत जायची. घरात मोरी असते तशी ही विजेची मोरी. मोरी तुंबली तर घर घाण. म्हणून जुन्या लोकांचा पहिला संशय तिच्यावर.

बापूंनी बल्बची एक तार प्लगच्या जिवंत छिद्रात घातली, दुसरी हिरव्या तारेला लावली. बल्ब झगझगला.

"अर्थिंग एक नंबर आहे," बापूंनी निकाल दिला. "मोरी साफ. आता सांग, तुझा संशयित कोण?"

विनीताने दार लोटून घेतलं. "शेजारचे डॉ. अंबरीश श्रीखंडे. माझा प्रकल्प बंद झाला तर ही खोली त्यांना मिळणार. त्यांच्याकडे एक मोठी भट्टी आहे. आणि ते सोमवारी कधीच वेळेवर येत नाहीत. ते नाहीत, तर खरखर नाही! मी तक्रार लिहून ठेवली आहे, काका. गुरुवारी तज्ज्ञ यायच्या आधी साहेबांच्या टेबलावर जाईल."

हे श्रीखंडे बापूंना ऐकून ठाऊक होते. शहरभर शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस. लिंबू-मिरची दिसली की दुकानदाराशी भांडणारा.

"हातात काही नसताना माणसाचं नाव लिहू नकोस," बापू म्हणाले. पण थकलेल्या माणसाचा उपदेश कोण ऐकतो?

मंगळवारी दुपारी फोन वाजला. "काका, तो परत बोलायला लागला."

३

बुधवारी पडद्यावर नुसता पूर होता. बापूंनी एसी बंद करायला लावला. पूर तसाच. ट्रान्झिस्टर चालू करून, आवाज मोठा ठेवून, ते भिंतीभिंतीला कान लावत फिरले. जवळपास विजेचा दंगा असता तर तोही खरखरला असता, पण ट्रान्झिस्टर बिचारा शांतपणे भजन ऐकवत राहिला. एसी निर्दोष सुटला.

मग ते शेजारी गेले. डॉ. श्रीखंडे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाचं एक बटण तुटलेलं. चार रात्री झोप नसलेला माणूस बापूंना लांबून ओळखू येई. आरशात रोज दिसायचा.

"या, बसा. तुम्ही ते खरखरवाले ना? मॅडमला वाटतं मी करतो."

"तुमची भट्टी पाहू का?"

"पाहा की." श्रीखंडेंनी स्वतः भट्टीचं जाड दार उघडलं. आत त्यांचा जेवणाचा डबा होता, आणि एक पाल. "कॉइल जळून दोन हिवाळे झाले. डबा मात्र मुंग्यांपासून सुरक्षित राहतो. यात पोळीसुद्धा गरम होत नाही, पतंग काय भाजणार?"

"सोमवारी तुम्ही उशिरा येता म्हणे."

श्रीखंडेंचा चेहरा मिटला. "खाजगी काम असतं," ते म्हणाले आणि कागदात डोकं घातलं.

भट्टीही सुटली. बापू बाहेर आले तर व्हरांड्यात सुमेध उभा होता. विनीताच्या हाताखाली पीएच.डी. करणारा, इथेच जन्मलेला. घरी आजी मराठी बोलायची म्हणून समजायची, पण जिभेवर हिंदीच यायची.

"अंकल, एक बात बोलूं?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "मी पाहिलं आहे. सोमवारी सकाळी. श्रीखंडे सर पीछे गए थे, जहाँ अपनी हरी वाली तार उतरती है. हाथ में एक बड़ी सी कॅन. झुकून काहीतरी करून राहिले होते. मुझे देखा तो एकदम पलट गए."

"विनीताला सांगितलंस?"

"कल ही. मॅडमने तक्रारीत लिहिलं ते पण. फेलोशिप गई तो घर पे क्या बोलूंगा, अंकल?"

सोमवारी तारेजवळ वाकलेला माणूस, हातात कॅन. आणि सोमवारीच पतंग गप्प. बापूंनी भुवई चोळली. चोर चोरी करून जातो आणि त्या दिवशी मात्र काहीच चोरीला जात नाही, असला चोर त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता.

४

इमारतीच्या मागे जायला गुडघे तयार नव्हते. बापूंनी त्यांना समजावलं आणि गेले.

तिथे पुष्पाबाई झाडू टेकवून उभ्या होत्या. संस्थेची झाडलोट त्यांच्याकडे. माहेर वर्ध्याकडचं, नवरा फॅक्टरीतून निवृत्त.

"तुम्हीच काय जी ते मशीनचे वैद्य? मग माह्या पुदिन्याचं पण पाहा!"

"पुदिना?"

"इथं होता ना!" पुष्पाबाईंनी खिडकीखाली बोट दाखवलं. तिथे मातीत वाळक्या काटक्यांचा झुबका होता. "असा हिरवागार होता जी. डायरेक्टर साहेबाच्या घरी चटणी माह्याच पुदिन्याची जाये. होळीपासून जो वाळायला लागला, तो गेलाच. काहून मेला असन?"

"पाणी कोण घालायचं?"

"कोणी नाही जी, त्याचं तेच होऊन राहिलं होतं."

बापू खाली वाकले. पुदिन्याच्या शेजारीच सिमेंटची चौकट होती, अर्थिंगचा खड्डा. हिरवी तार त्यात उतरली होती. खड्ड्याचं लोखंडी झाकण कोणीतरी केव्हाच भंगारात विकलं असावं, कारण मधल्या पाइपाच्या तोंडावर एक गोल, गुळगुळीत, काळा दगड ठेवलेला होता. घाटावरून आणलेला असावा. त्याला हळद-कुंकू लागलं होतं.

"हे कोणी लावलं?"

"मीच जी," पुष्पाबाई संकोचल्या. "असा गोल दगड पाइपावर बसलेला दिसला, मले वाटलं कोणी ठेवला असन महादेव. रिकामं कपाळ बरं दिसत नाही."

भोवती भेगाळलेली, राखेसारखी माती. आणि त्या भेगांतून लाल मुंग्यांची एक रांग दगडाच्या पायथ्याशी जाऊन आपला उद्योग करत होती. बापूंनी बोटाने दगड पुसला, बोट नाकाशी नेलं. आंबूस वास. दूध.

वर खिडकीच्या खाली पत्र्याच्या चौकटीचा गंजका डाग भिंतीवरून ओघळत थेट या खड्ड्यापर्यंत आला होता.

बापू तिथेच, उन्हात, मटकन खाली बसले.

"काय झालं जी? चक्कर आली?"

"नाही बाई," बापू म्हणाले. "मी मोठा गाढव आहे. चोराची झडती मी नेमकी त्याच्या उपासाच्या दिवशी घेतली."

संध्याकाळी डॉ. श्रीखंडे गाडीपाशी आले तेव्हा बापू बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हळू आवाजात. श्रीखंडेंच्या हातातली किल्ली खाली पडली.

"कोणाला सांगणार नाही ना?" ते म्हणाले. "शब्द द्या."

बापूंनी दिला. आणि दिल्याबरोबर त्यांना कळलं की तो महागात पडणार.

५

गुरुवारी सकाळी तज्ज्ञ हॉटेलातून निघाल्याचा निरोप आला तेव्हा डायरेक्टर साहेब, विनीता, सुमेध, श्रीखंडे आणि पुष्पाबाई, सगळे खिडकीखालच्या उन्हात उभे होते. विनीताच्या हातात तक्रारीचं पाकीट होतं. बापूंना मात्र खुर्ची मिळाली होती, यावरून त्यांचा मान ओळखावा.

"साहेब, यात खुनी कोणी नाही," बापूंनी सुरुवात केली. "एक मयत आहे, पुदिना. आणि एक फरार आहे, कूलर."

"कूलर?" विनीता म्हणाली.

"तुझा खडखड्या. त्याची टाकी गळकी होती. थेंब थेंब पाणी या भिंतीवरून ओघळून खाली यायचं. त्यावर पुष्पाबाईंचा पुदिना वाढला, आणि त्यावरच तुझी अर्थिंग जगली. अर्थिंगला ओल लागते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात तो ओल धरून ठेवायला. माती कोरडी पडली की वीज जमिनीत जायला तयार होत नाही, पिंजऱ्यातच घुटमळते, आणि तुझा मेलेला पतंग तीच घाण तुला वाचून दाखवतो. होळीला कूलर उतरवला, एसी चढवला. एसीचा गुन्हा एवढाच, की त्याचं पाणी नळीने गटारात जातं, इथे गळत नाही."

"पण काका, तुम्ही सोमवारी बल्ब लावला होता! झगझगीत पेटला होता!"

"तो आज लावू."

सुमेधने वर जाऊन खिडकीतून दोन तारा सोडल्या, एक प्लगची आणि एक हिरव्या तारेला जोडलेली, आणि तो खाली परतला. बापूंनी बल्ब जोडला. बल्बाच्या पोटात लालसर धागा मिणमिणला, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा.

"पुष्पाबाई, दगड बाजूला करा आणि बादली ओता."

"महादेवाला हलवू?"

"त्याला सांगा, परत बसवतो."

बादली पाइपात रिकामी झाली. माती चर्र वाजली. दुसरी बादली. आधी काहीच झालं नाही. मग बल्ब लाल होता तो नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा झाला, आणि भर उन्हात डोळ्यात खुपेल असा पेटला.

"अरे!" सुमेध ओरडला आणि जिन्याकडे पळाला. वरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला, "मॅडम! लाइन सीधी हो गई!"

विनीताने डोळे मिटले. पण डायरेक्टर साहेब उगीच डायरेक्टर झाले नव्हते.

"वो सब ठीक है, बापू जी. लेकिन सोमवार? हर सोमवार अपने आप कैसे ठीक होता था? तज्ज्ञ पूछेंगे. आधा कारण मैं उनके सामने नहीं रख सकता. आज ठीक, कल फिर बिगड़ गया तो?"

"बरोबर आहे," विनीता म्हणाली. तिची नजर श्रीखंडेंवर होती. पाकिटाचा कोपरा तिने मुठीत चुरगाळला होता. "सोमवारी इथे कोण येतं, ते सांगा ना काका."

अशा वेळी बापूंना एखादी थाप सहज ठोकता आली असती. सोमवारी इथे नंदी येऊन मुततो म्हणाले असते तरी खपलं असतं. याहून मोठ्या थापा त्यांनी रेल्वे बोर्डाला खपवल्या होत्या. पण समोर पोरीची सगळी अब्रू टांगलेली, आणि अर्ध्या सत्यावर ती टिकणार नव्हती. पूर्ण सत्य दुसऱ्याचं होतं. शब्द दिलेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. इतकं थकल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मी," डॉ. श्रीखंडे म्हणाले.

सगळे वळले.

"मी येतो सोमवारी." त्यांचे कान लाल झाले होते. "आई सराफ्यातल्या जुन्या घरात अंथरुणाला खिळली आहे. जन्मभर सोमवारी ग्वारीघाटला जायची, नर्मदेचं पाणी आणून महादेवाला घालायची. आता शेजारच्यांकडून कॅन भरून मागवते, त्यात दूध घालते, आणि माझ्या हातात देते. रात्री विचारते, 'घातलंस का रे महादेवाला?' मी देवळात जाऊ शकत नाही हो. अख्खं गाव ओळखतं मला. कोणी पाहिलं तर उद्या शाळेत पोरं हसतील. आणि तिच्याशी खोटंही बोलवत नाही. इथे हा दगड दिसला. कुंकू लावलेला. म्हटलं, निदान कोणाचा तरी महादेव आहे. अख्खी कॅन ओततो. रात्री तिला 'हो' म्हणतो. खरं असतं ते."

पुष्पाबाई म्हणाल्या, "म्हणूनच मुंग्या! मी म्हणू, माहा महादेव रोज गोड खाऊन राहिला काय!"

पहिले हसले ते श्रीखंडेच. विनीताने पाकिटाचे दोन तुकडे केले, चार केले. "सर," ती म्हणाली, "म्हणजे आठवड्यातून एक दिवस माझा प्रकल्प तुमच्या आईने चालवला."

"कृपा करून माझ्या भाषणांत कोणी येऊन हे सांगू नका," श्रीखंडे म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तो अब इसमें रोज़ पानी कौन डालेगा? कुणाची तरी ड्यूटी लावावी लागेल."

पुष्पाबाईंनी पदर खोचला होताच. पण श्रीखंडेंनी आधीच रिकामी बादली उचलली होती.

"माझी लावा," ते म्हणाले.

दिल्लीचे तज्ज्ञ आले, त्यांनी पहिल्यांदा मेलेलीच मिशी मागितली. रेघ सपाट आली. मग जिवंत मिशी लावली, हरभऱ्याच्या पानाचा वास सोडला, आणि पडद्यावर एकच सुरेख उंचवटा उमटला. मागच्या वर्षी होता तसा, तिथेच. तज्ज्ञांनी खरखरीचं कारण विचारलं तेव्हा डायरेक्टर साहेबांनी ते पूर्ण सांगितलं. तज्ज्ञ खाली जाऊन दगड पाहून आले म्हणतात. नमस्कार केला की नाही यावर, डावखुऱ्या माकडासारखेच, मतभेद आहेत.

बापूंना रिक्षात बसवायला श्रीखंडे स्वतः आले.

"आज रात्री आई विचारेल," बापू म्हणाले. "गुरुवार आहे, पण विचारेल. काय सांगणार?"

"सांगेन, आई, आता रोज घालतो."

रिक्षा सदरच्या वळणावर पोचेपर्यंत बापूंना गाढ झोप लागली होती. ड्रायव्हरच्या रेडिओत भयंकर खरखर होती. त्यांनी डोळासुद्धा उघडला नाही.